वाटप, मुक्ती आणि ताबा : ड्रायव्हर-लेखनाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

१

शास्त्रीय परिभाषेची चर्चा मराठीत बहुधा शब्दाच्या रूपापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. शब्द संस्कृत असावा की देशी, तो सुटसुटीत आहे की जोडाक्षरांनी जड झाला आहे, परभाषेतील शब्द तसाच ठेवला तर काय बिघडेल, ह्या प्रश्नांवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. त्या मानाने दुसरा एक प्रश्न उपेक्षित राहिला आहे. एखादी संज्ञा ज्या क्रियेला नाव देते, त्या क्रियेतील सर्व संबंध ती व्यक्त करते काय? क्रिया कोण करतो, कोणाकडून घेतो, कोणाला देतो, केव्हा देतो आणि किती वेळा देतो, हे संज्ञेतून कळते काय? नामांच्या बाबतीत ह्या उपेक्षेने फारशी हानी होत नाही. क्रियापदांच्या बाबतीत मात्र ती विद्यार्थ्याला थेट चुकीच्या वाटेला लावू शकते.

इंग्रजी संज्ञेला मराठी प्रतिशब्द देण्याचे कार्य पुण्याच्या सदाशिव पेठेला नवे नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात उभ्या राहिलेल्या विश्रामबाग वाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. ह्याच पाठशाळेची देखरेख पुढे थॉमस कँडी यांच्याकडे आली, आणि मोल्सवर्थ यांनी आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश पुरा करून त्यांनीच तो १८४७ साली प्रसिद्ध केला. दाते आणि कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ साली पुण्यातूनच बाहेर पडला. ह्या परंपरेत संगणकविद्येची भर पडणे क्रमप्राप्त होते. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची वाट मोकळी केल्यानंतर पुणे परिसरातही मराठीतून संगणक अभियांत्रिकी शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यामुळे ह्या विद्येची मराठी परिभाषा हा आता केवळ कोशकारांच्या हौसेचा विषय राहिलेला नाही. वर्गात बसलेला विद्यार्थी त्या शब्दांच्या आधाराने विचार करणार आहे.

प्रस्तुत चिकित्सेसाठी त्या विद्येतील एक लहान परंतु कसोटीचे क्षेत्र घेतले आहे. कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, राहून एखाद्या साधनाला चालवणारा जो कार्यक्रम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. मुद्रणयंत्र, कॅमेरा, तबकडी, जालाशी जोडणारे पत्रक, ह्या प्रत्येकासाठी असा एक ड्रायव्हर लागतो. आपले काम करताना त्याला कर्नलकडून मेमरी मागून घ्यावी लागते व काम संपताच ती परत करावी लागते. ह्या देवघेवीसाठी मराठी पाठांतून, वर्गातील टिपणांतून व यांत्रिक भाषांतरांतून चार शब्द रूढ होऊ पाहत आहेत. ते म्हणजे ‘स्मृती’, ‘वाटप’, ‘मुक्त करणे’ आणि ‘गळती’. हे चारही शब्द इंग्रजी संज्ञांचे शब्दशः प्रतिशब्द आहेत. मूळ व्यवहार त्यांच्यातून कितपत कळतो, हे पाहावयाचे आहे.

२

प्रथम मूळ व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. सामान्य कार्यक्रमाने घेतलेली जागा परत करण्याचे विसरले, तरी तो कार्यक्रम संपताच कार्यप्रणाली त्याची सर्व जागा आपणहून काढून घेते. विसराळू माणसाच्या मागे घर आवरणारे कोणी असावे, तशी ही व्यवस्था आहे. ड्रायव्हरच्या मागे असे कोणी नसते, कारण तो स्वतःच कर्नलचा भाग होऊन काम करीत असतो. लिनक्स प्रणालीत ‘के-मॅलॉक’ ह्या आज्ञेने घेतलेली आणि ‘के-फ्री’ ह्या आज्ञेने परत न केलेली जागा सामान्यतः संगणक पुन्हा सुरू करीपर्यंत तशीच अडकून राहते. ती तबकडीवर हलवून तात्पुरती सोय करण्याचा मार्गही नसतो. महिनोन्महिने बंद न होणाऱ्या यंत्रात दर तासाला थोडीशी जागा जरी अशी अडकली, तरी एके दिवशी सर्वच कामे खोळंबतात.

दुसरे असे की, ही मागणी नेहमी मान्य होतेच असे नाही. जागा शिल्लक नसेल तर के-मॅलॉक रिक्त पत्ता परत देते. तो न तपासता वापरणारा ड्रायव्हर संपूर्ण यंत्राला घेऊन खाली बसतो. मागणीचेही प्रकार आहेत. थांबण्यास सवड असेल तर ‘जीएफपी-कर्नल’ ह्या खुणेने मागणी करावी लागते. तेव्हा कर्नल इतरांकडील जागा आवरून होईपर्यंत मागणाऱ्याला निजवू शकते. साधनाकडून आलेल्या व्यत्ययाला उत्तर देत असताना ड्रायव्हरला निजता येत नाही. तेथे ‘जीएफपी-अॅटॉमिक’ ही खूण वापरावी लागते. अशा मागणीला राखीव साठ्यातून काही मिळू शकते, परंतु नकाराची शक्यताही अधिक असते.

तिसरे, जागा जेथून घेतली तेथेच ती परत गेली पाहिजे. के-मॅलॉकने घेतलेली जागा के-फ्रीने परत करावयाची आणि ‘व्ही-मॅलॉक’ने घेतलेली ‘व्ही-फ्री’ने. साधन व प्रक्रियक ह्या दोघांनी मिळून वापरावयाची जागा विशिष्ट साधनाच्या नावे घेतलेली असते. ती परत करताना तेच साधन, तेच आकारमान व तोच पत्ता सांगावा लागतो. शिवाय परत देताना जो पत्ता प्रारंभी मिळाला होता तोच द्यावा लागतो. त्या जागेच्या मधल्याच एखाद्या बिंदूचा पत्ता देऊन चालत नाही.

चौथे, परत देण्याची क्रिया नेमकी एकदाच व्हावी लागते. ती न झाली तर जागा अडकते. दोनदा झाली तर अनर्थ अधिक मोठा होतो, कारण मधल्या काळात तीच जागा दुसऱ्या कोणाला दिली गेलेली असू शकते आणि दुसऱ्या खेपेस ड्रायव्हर परक्याचीच जागा परत करून मोकळा होतो. परत दिल्यानंतरही जुना पत्ता वापरीत राहिले, तर परक्याच्या घरात लिहिणे-वाचणे सुरू होते.

ह्या चार गोष्टींचे सार एवढेच की, ही मर्यादित काळासाठी घेतलेल्या वस्तूची देवघेव आहे. तिची शुद्धता घेणारा, देणारा, घेतलेली वस्तू व परत देण्याची वेळ ह्यांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून आहे. जी परिभाषा हे संबंध झाकते, ती कितीही शुद्ध असली तरी अपुरी मानली पाहिजे.

३

‘वाटप’ हा शब्द ह्या कसोटीवर तपासता पहिला दोष दिशेचा दिसतो. वाटणे ह्या क्रियेत पुढाकार देणाऱ्याचा असतो. प्रसाद वाटला जातो, पेढे वाटले जातात, पुराच्या वेळी धान्याचे वाटप होते. घेणारा हात पुढे करतो इतकेच. ड्रायव्हरच्या व्यवहारात पुढाकार घेणाऱ्याचा आहे. तो किती जागा हवी, कशा प्रकारची हवी, थांबण्याची तयारी आहे की नाही, हे सर्व सांगून मागणी करतो. ‘वाटप’ म्हणताच मागणी व तिच्याबरोबर नकाराची शक्यता दोन्ही नाहीशी होतात. प्रसाद वाटणारा नाही म्हणत नाही. के-मॅलॉक म्हणू शकते. मिळालेला पत्ता रिक्त आहे काय हे तपासण्याची सवय लागावी, यासाठी शब्दानेही थोडे साहाय्य करावयास हवे. ‘वाटप’ ते करीत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. मराठीत वाटलेली वस्तू परत येत नाही. भावाभावांत वाटणी झाली आणि वाटणीपत्र लिहिले गेले म्हणजे तो व्यवहार कायमचा पुरा झाला. कारकांच्या भाषेत सांगावयाचे तर ‘वाटणे’ ह्या क्रियेला कर्ता, कर्म व संप्रदान आहे. परतीच्या प्रवासाला मात्र तिच्यात जागाच नाही. ज्या शब्दाच्या पोटी परत देण्याची जाणीव नाही, तो शब्द परत देण्याला विसरू नये अशा व्यवहाराच्या प्रारंभी ठेवणे हा निव्वळ विरोधाभास होय.

‘वाटपा’ची बाजू घेऊन एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कर्नलच्या दृष्टीने पाहता, अनेक मागणाऱ्यांत मर्यादित साठा कसा विभागावा हा प्रश्न खरोखरच वाटपाचा आहे, आणि कार्यप्रणालीच्या सिद्धांताच्या पाठात तो शब्द उचितच ठरेल. परंतु ड्रायव्हर लिहिणारा कर्नलच्या गादीवर बसलेला नसतो. तो दारात उभा असलेला मागणारा आहे. इंग्रजीत दोन्ही बाजूंस एकच शब्द चालतो, म्हणून मराठीनेही तसेच करावे असा काही नियम नाही.

४

‘मुक्त करणे’ ह्या शब्दप्रयोगाची कथा अधिक उद्बोधक आहे. सी भाषेसमवेत युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत मॅलॉक व फ्री ही जोडी प्रसिद्ध झाली, आणि तेथूनच ती पुढे कर्नलच्या आज्ञांच्या नावांत उतरली. इंग्रजीतील त्या शब्दाला ‘रिकामा’, ‘अडवलेला नसलेला’ असा अर्थ सहज असतो. मोकळी खुर्ची वा मोकळी खोली ह्यांच्यासाठी इंग्रज माणूस तोच शब्द वापरतो. मराठीत ‘मुक्त’ शब्दाला हा अर्थ जवळजवळ नाही. मुक्त होतो तो बंदी, मुक्त होतो तो जीव, मुक्त होते ती छंदातून सुटलेली कविता. खुर्ची मुक्त आहे असे कोणी म्हणत नाही. ती मोकळी आहे असे म्हणतात.

हा केवळ रुचीचा प्रश्न नव्हे. ‘मुक्त करणे’ ह्या क्रियेला अपादान आहे, म्हणजे ज्या बंधनातून सोडवावयाचे ते बंधन आहे. परंतु तिला संप्रदान नाही. ज्याला द्यावयाचे असा कोणी तिच्यात नाही. ‘ड्रायव्हरने स्मृती मुक्त केली’ ह्या वाक्यात ड्रायव्हर हा बंदिपाल ठरतो, स्मृती ही कैदी ठरते आणि ती सुटून कोठे गेली हा प्रश्न अप्रस्तुत ठरतो. वस्तुतः तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. के-मॅलॉकने घेतलेली जागा व्ही-फ्रीकडे सोपवण्याची चूक होते, कारण कोणाला द्यावयाचे ह्याचा विचार शब्दात नसतो.

‘मुक्ती’चा आणखी एक संस्कार येथे बाधक ठरतो. मुक्त झालेला जीव जन्ममरणाच्या फेऱ्यात पुन्हा येत नाही, अशी मराठी मनाची पिढ्यानुपिढ्यांची धारणा आहे. येथे घडते ते नेमके उलट. के-फ्री झालेली जागा पुढच्याच क्षणी दुसऱ्याच्या नावाने पुन्हा वापरात येऊ शकते. म्हणूनच जुना पत्ता बाळगणे घातक असते. जागेला मुक्ती मिळत नाही, तिचा पुनर्जन्म होतो, असे म्हटले तर ते तंत्रदृष्ट्या अधिक खरे होईल.

५

‘गळती’ आणि ‘स्मृती’ ह्या दोन शब्दांचा विचार एकत्रच करणे सोयीचे होईल, कारण दोघांचाही दोष वस्तूच्या स्वरूपाविषयीचा आहे. गळणे हे द्रवाचे लक्षण आहे. नळ गळतो, कौलारू छप्पर गळते, तेव्हा आतले पाणी बाहेर वा बाहेरचे आत येते. परत न दिलेल्या जागेच्या बाबतीत बाहेर काहीच जात नाही. जागा होती तेथेच असते. तिचा पत्ता मात्र कोणाजवळ उरलेला नसतो.

सदाशिव पेठेतील जुन्या वाड्यांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना ह्या अवस्थेचे चित्र वेगळे सांगावयास नको. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण दिले. ह्या व्यवस्थेत कित्येक वाड्यांतून एखादी खोली वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिल्याचे दिसते. भाडेकरू दुसरीकडे राहावयास गेलेला असतो, खोली कोणाच्या उपयोगाची नसते, मालकाला ती दुसऱ्यास देता येत नाही. ती खोली ‘गळाली’ असे कोणी म्हणणार नाही. ती ‘अडकून पडली’ असे म्हणतात. ‘अडकलेली जागा’ हा शब्दप्रयोग विद्यार्थ्याला योग्य प्रश्न विचारावयास लावतो. तो प्रश्न म्हणजे, किल्ली कोणाकडे होती आणि ती कोठे हरवली? ‘गळती’ हा शब्द त्याला भोक शोधावयास पाठवतो. भोक तेथे नसतेच.

किल्ली हरवण्याचे स्थळही बहुधा ठरलेले असते. ड्रायव्हर सुरू होताना एकामागून एक तीन-चार गोष्टी घेतो. तिसरी मिळाली नाही, तर आधीच्या दोन उलट्या क्रमाने परत देऊन त्याने माघारी फिरले पाहिजे. ही अपयशाची वाट नित्याच्या वापरात क्वचितच तुडवली जाते. म्हणून तिच्यावरील चुका दीर्घकाळ झाकून राहतात. लिनक्सच्या ड्रायव्हरांत ह्यासाठी कार्याच्या शेवटी उलट्या क्रमाच्या पायऱ्या लिहून, अपयश आले त्या टप्प्यानुसार योग्य पायरीवर उडी घेण्याची रीत रूढ आहे. अडकलेली जागा हुडकून काढणारे एक उपकरणही २००९ पासून लिनक्समध्ये आहे. ज्या जागेचा पत्ता कोठेच आढळत नाही ती संशयित, हे त्याचे तत्त्व आहे. गळतीपेक्षा हरवलेल्या किल्लीशी हे तत्त्व अधिक जुळते, हे सांगणे नलगे.

‘स्मृती’विषयी एवढेच म्हणता येईल की, यंत्राच्या अंगाचे नाव म्हणून तो शब्द आता रुळला आहे आणि तो बदलण्याचा आग्रह व्यर्थ आहे. परंतु ड्रायव्हर जी मागतो ती स्मृती नव्हे, जागा होय. सदाशिवरावभाऊंचे नाव पेठेने जतन केले, ही स्मृती. त्या पेठेतील खोली भाड्याने घेतली, ही जागा. एक आठवावयाची असते, दुसरी सोडावयाची असते. देवघेवीच्या संदर्भात ‘जागा’ हाच शब्द योजावा, हे ह्यावरून स्पष्ट होते.

६

दोष दाखवणे सोपे असते. पर्याय देताना चिकित्सकाची खरी परीक्षा होते. ह्या बाबतीत मराठी दरिद्री नाही. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० साली स्थापन होऊन सदाशिव पेठेतच नांदणाऱ्या संस्थेने जपलेल्या जुन्या मराठी कागदपत्रांच्या जगाकडे पाहिले, तर खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, कौलनामा, फारखत अशी एकेका व्यवहाराला स्वतंत्र नाव देणारी परिभाषा आढळते. मालक कोण, वहिवाट कोणाची, ताबा कोणाकडे, हे भेद मराठी व्यवहारात शतकानुशतके काटेकोरपणे पाळले गेले आहेत.

घरगुती भाषेतही असाच एक सूक्ष्म भेद आहे. शेजारून वाटीभर साखर आणली तर ती ‘उसनी’ आणली असे म्हणतात. परत जाते ती तेवढीच, परंतु दुसरी साखर. मोठे पातेले आणले तर ते ‘मागून’ आणलेले असते, आणि परत जावे लागते ते तेच पातेले, त्याच घरी. ड्रायव्हरची जागा साखरेच्या जातीची नसून पातेल्याच्या जातीची आहे. तेवढ्याच आकाराची दुसरी जागा परत देऊन भागत नाही. म्हणून ह्या क्रियेला ‘उसनी घेणे’ म्हणणे शिथिल ठरेल आणि ‘मागून घेणे’ अधिक नेमके ठरेल. विंडोज प्रणालीत तर जागा मागताना चार अक्षरांची एक खूणगाठ द्यावी लागते. पुढे जागा कोठे अडकली हे शोधताना ती कोणत्या ड्रायव्हरने घेतली होती हे त्या खुणेवरून कळते. मराठी गृहिणी भांड्यावर नाव घालून घेते, त्यामागे हाच विचार असतो.

तथापि शास्त्रीय लेखनात ‘मागून घेणे’ थोडे सैल वाटेल. तेथे ‘ताबा घेणे’ आणि ‘ताबा परत देणे’ ही जोडी सर्वांत उपयुक्त दिसते. तिचे दोन्ही घटक एकमेकांची आठवण करून देतात. ताबा कोणाकडून घेतला हे अपादान आणि कोणाला परत दिला हे संप्रदान वाक्यात मागितलेच जाते. एका वेळी एकाच्याच हाती असणे हा ताब्याचा स्वभाव आहे. ‘वाटप केलेली स्मृती मुक्त करावी’ ह्या वाक्याच्या जागी पुढील वाक्य ठेवून पाहावे : ‘ज्याने जागेचा ताबा घेतला, त्याने तो ज्याच्याकडून घेतला त्यालाच, प्रारंभी मिळालेला पत्ता सांगून, एकदाच परत द्यावा, आणि दिल्यावर तो पत्ता विसरावा.’ पहिले वाक्य भाषांतर आहे. दुसरे वाक्य नियम आहे.

परंतु जुन्या शब्दांच्या मोहालाही मर्यादा घातली पाहिजे. ‘फारखत’ हा शब्द मोहक असला तरी येथे गैरलागू आहे. फारखत म्हणजे देणे फिटल्याचा लेखी पुरावा. तो मागे राहतो व पुढील वाद मिटवतो. के-फ्री असा कोणताच पुरावा मागे ठेवत नाही. परत दिल्यावरही ड्रायव्हरच्या हाती जुना पत्ता जसाच्या तसा असतो. त्याकडे पाहून तो आता आपला राहिला नाही हे ओळखता येत नाही. ‘ताबेदार’ हा शब्दही टाळला पाहिजे. तो ताबा असणाऱ्याचा वाचक नसून हुकुमातील माणसाचा वाचक आहे. व्युत्पत्तीवर भिस्त ठेवून रूढार्थ विसरणाऱ्या कोशकाराची फसगत अशाच ठिकाणी होते.

७

परिभाषेची कसोटी सोप्या उदाहरणावर नव्हे, अवघड उदाहरणावर लागते. असे एक उदाहरण २०१९ सालच्या ऑक्टोबरात उघडकीस आले. अँड्रॉइड प्रणालीत निरनिराळ्या कार्यक्रमांमधील निरोप पोचवण्याचे काम ‘बाइंडर’ नावाचा ड्रायव्हर करतो. तो कोणत्याही यंत्राला चालवीत नाही, परंतु त्याची रचना ड्रायव्हरचीच आहे. त्याने एका धाग्यासाठी घेतलेल्या जागेत प्रतीक्षकांची एक यादी ठेवलेली होती. कर्नलमधील ‘ई-पोल’ ही दुसरी व्यवस्था त्या यादीचा पत्ता स्वतःजवळ बाळगून होती. धागा संपल्याची सूचना येताच बाइंडर ती जागा परत देई. ई-पोलला ह्याची वार्ता नसे. पुढे ई-पोल आपले काम आवरावयास जाई आणि जी जागा आता दुसऱ्याची झाली आहे तीत लिही. ह्या दोषाचा उपयोग करून दूरध्वनीचा संपूर्ण कबजा घेता येत होता, आणि तसा तो प्रत्यक्ष घेतला जात असल्याचे गूगलच्या प्रोजेक्ट झीरो ह्या गटाने जाहीर केले. सीव्हीई-२०१९-२२१५ ह्या क्रमांकाने तो दोष ओळखला जातो. कर्नलच्या एका शाखेत त्याची दुरुस्ती २०१८ च्या आरंभीच झालेली होती, परंतु ती कित्येक दूरध्वनींपर्यंत पोचलेली नव्हती.

‘वाटप’ व ‘मुक्त करणे’ ह्या शब्दांनी ह्या दोषाचे वर्णन करू गेल्यास काहीच चुकलेले दिसत नाही. जागेचे वाटप झाले होते, ती मुक्तही केली होती, एकदाच केली होती, योग्य आज्ञेने केली होती. ताब्याच्या भाषेत मात्र चूक एका वाक्यात सांगता येते. जागेत दोघांची वहिवाट असताना एकानेच परस्पर ताबा परत दिला. अशा वेळी उपाय काय, हेही ती भाषा सुचवते. वहिवाटदारांची गणती ठेवावी आणि शेवटी जाणाऱ्यानेच कुलूप लावून किल्ली द्यावी. लिनक्समध्ये ‘के-रेफ’ नावाची गणती आहे, ती नेमके हेच करते. अथवा ताबा परत देण्यापूर्वी दुसऱ्याला त्याची सूचना द्यावी. बाइंडरच्या दुरुस्तीत दुसऱ्या प्रकारचा मार्ग अवलंबिला गेला.

ह्यावर असा आक्षेप येईल की, इंग्रजी शब्दही तितकेच अपुरे असून इंग्रजी बोलणाऱ्यांचे काही अडलेले नाही. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध खरा नाही. त्यांचेही अडले. म्हणूनच त्यांनी मूळ दोन शब्दांवर नव्या परिभाषेचा थर चढवला. २००७ साली लिनक्समध्ये साधनाच्या नावे जागा घेण्याची व साधन सुटताच ती आपोआप परत जाण्याची व्यवस्था आली. परंतु साधन काढून घेतल्यावरही एखादा कार्यक्रम त्या साधनाची फाइल उघडी ठेवून बसलेला असू शकतो, आणि मग आपोआप परत गेलेली जागा तो वापरू लागतो. हा दोष अनुभवान्ती ध्यानात आला. आपोआप होणाऱ्या परतीने ताब्याचा प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो. डिसेंबर २०२२ मधील ६.१ ह्या आवृत्तीपासून लिनक्सने रस्ट ह्या भाषेला कर्नलमध्ये प्रवेश दिला. त्या भाषेचे व्याकरणच मालकी, मागून घेणे आणि मुदत ह्या तीन कल्पनांवर उभे आहे. मालकी एका वेळी एकाचीच असते, आणि मागून घेतलेली वस्तू मुदतीनंतर वापरू पाहणारा कार्यक्रम ती भाषा मुळी स्वीकारतच नाही. तात्पर्य, ज्या संबंधांना नावे नव्हती त्यांना नावे देण्यासाठी इंग्रजी जगाने चार दशके खर्च केली. मराठीने त्यांचा पहिला, अपुरा थर तेवढा उचलावा आणि त्यावरच थांबावे, हे शहाणपणाचे नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. पुण्यातील अभियंते आजही ‘मेमरी अलोकेट केली’, ‘फ्री केली’ असेच बोलतात आणि त्यांचे काम चालते. हे नाकारण्याचे कारण नाही. किंबहुना परका शब्द निदान चुकीचा संस्कार तरी बरोबर आणीत नाही, हा त्याचा गुण मानला पाहिजे. ‘फ्री’ मात्र ह्याला अपवाद, कारण मराठीत तो आधीच ‘फुकट’ ह्या अर्थाने दुकानोदुकानी बसलेला आहे. ड्रायव्हर, कर्नल, पॉइंटर ही नामे परकी राहिली तरी काही बिघडत नाही. नाम हे वस्तूला चिकटवलेले लेबल आहे. क्रियापदाची गोष्ट वेगळी. वाक्यात कोणकोणते संबंध व्यक्त होणार हे क्रियापद ठरवते. ‘अलोकेट करणे’ ह्या प्रयोगात ‘करणे’ एवढेच मराठी आहे, आणि ते कोणताच संबंध मागत नाही. म्हणून नामे परभाषेतून आली तरी चालतील, क्रियापदे मात्र स्वभाषेतून यावीत, हा ह्या चिकित्सेचा निष्कर्ष होय.

यास्तव पुढीलप्रमाणे निर्णय देता येतो. यंत्राच्या अंगासाठी ‘स्मृती’ वा ‘मेमरी’ राहू द्यावी. देवघेवीच्या संदर्भात ‘जागा’ म्हणावे. ‘वाटप’ हा शब्द कर्नलच्या बाजूने केलेल्या विवेचनापुरता ठेवावा. ड्रायव्हरच्या बाजूने ‘जागा मागणे’, ‘ताबा घेणे’ व ‘ताबा परत देणे’ ह्या क्रियापदांचा अंगीकार करावा. ‘मुक्त करणे’ वर्ज्य करावे. ‘गळती’ऐवजी ‘अडकलेली जागा’, आणि परत दिलेल्या जागेच्या पत्त्याला ‘जुना पत्ता’ असे म्हणावे. ह्या शब्दांत विद्वत्तेचा भपका नाही, ही त्यांची उणीव मानली जाईल. परंतु ‘हा ताबा कोणाला व केव्हा परत द्यावयाचा?’ असा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला त्याच्या भाषेनेच विचारावयास लावले, त्याच्या हातून अडकलेल्या जागा कमी होतील. परिभाषेकडून ह्याहून अधिक अपेक्षा करणे युक्त नव्हे, आणि ह्याहून कमीवर समाधान मानण्याचेही कारण नाही.